दिवसा सांगितलेली गोष्ट

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या रागापायीच झालं. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. हरसूलच्या पुढे डोंगरातल्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवायला लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मुलं तिथेच राहायची, तिथेच जेवायची. आईबाप दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला वणी-दिंडोरीकडे उतरायचे ते होळीच्या सुमाराला परत यायचे. मी मूळची एकलहऱ्याची. वडील तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, त्यामुळे माझं बालपण कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, धुराड्यांच्या खाली गेलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडायची आणि आई ती झटकत बसायची. पहिल्याच आठवड्यात मुलांनी विचारलं होतं, बाई, तुमचं गाव कसं हाय, आणि गाव म्हणावं असं काही माझ्यापाशी नव्हतं म्हणून मी त्यांना धुराड्यांचंच वर्णन करून सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात आठवीला मी माझ्या मनानं एक तास घेतला. पुस्तकात गोष्टी होत्या आणि माहितीचे पाठही होते, पण मुलं दोन्ही एकाच सुरात घोकायची. पाणी शुद्ध कसं करावं आणि राजकन्येला शाप कसा लागला, दोन्हींना सारखाच मान. मला ते सहन होईना. मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली, डावीकडे लिहिलं ‘घडलेलं’ आणि उजवीकडे ‘रचलेलं’. शाळेमागे एक ओहळ होता. ओहळाबद्दल जे खरं ठाऊक आहे ते डावीकडे, आणि ओहळावरची एखादी रचलेली गोष्ट उजवीकडे; मग दोन्ही शेजारी ठेवून बघू कोणत्या लिखाणात काय सापडतं आणि काय सापडत नाही, असं मी सांगितलं. हा तास आपल्याला फार छान सुचलाय असं मला वाटत होतं.

डावी बाजू दहा मिनिटांत भरली. कोणत्या दगडाखाली खेकडा बसतो, पाणी कोणत्या महिन्यात कुठे आटतं, कुठे नुसतं बोटानं उकरलं तरी झरा लागतो, मी लिहिता लिहिता दमले. एवढं ज्ञान त्या पोरांनी माझ्यापासून दीड वर्ष लपवून ठेवलं होतं, की मीच कधी विचारलं नव्हतं, कोण जाणे. उजव्या बाजूला मात्र एक अक्षर पडेना. मी पुन्हा विचारलं, हसून विचारलं, आवाज चढवून विचारलं.

शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. वर्गात सगळ्यांत चांगलं वाचणारी, कागद वाचवायला मुंगीएवढं अक्षर काढणारी. शाळेच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी होती, तिची किल्ली मी तिच्याकडे दिली होती आणि ती किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची.

“बाई, दिसा कहानी नाय सांगत,” ती म्हणाली. “मामा वाट चुकतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. दिवेलागण झाली की हव्या तेवढ्या कहाण्या सांगा. दिवसा सांगितली, तर सांगणाऱ्याचा मामा जिथे असेल तिथे रस्ता चुकणार. माझी आईही लहानपणी मला हेच सांगायची, पण तिला दुपारी झोपायचं असायचं म्हणून. इथे तीसपस्तीस मुलं ते अगदी गंभीरपणे सांगत होती, तेही मी शिकवत असलेल्या वर्गात, आणि माझा पारा चढला. विज्ञान शिकता ना, मग हे काय, वगैरे जे बोलायचं ते सगळं मी बोलून घेतलं. मग त्या मुलीलाच म्हटलं, तूच सांग. नाही सांगितलीस तर पेटीची किल्ली काढून दे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला आजही लाज वाटते. तिचा मामा खरोखरच वाटेवर असणार हे मला माहीत होतं. मुलीची आई ती लहान असतानाच गेलेली. बापानं ठरवलं होतं की पोरीला शाळेतून काढायचं, बागेच्या कामाला न्यायचं आणि उन्हाळ्यात लग्न उरकायचं. त्या लोकांत भाचीच्या बाबतीत मामाच्या शब्दाला मान असतो, बापही तो सहसा मोडत नाही. मामा वणीकडे एका द्राक्षबागेत कामाला होता आणि त्यानं निरोप धाडला होता, की बाजाराच्या दिवशी येतो, तोवर पोरीला हलवू नका. बाजार दुसऱ्याच दिवशी होता. हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं आणि मलाही.

तिनं किल्लीवर हात ठेवला आणि सांगायला लागली. आवाज इतका बारीक की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. एका खेकड्यानं ओहळ गिळला. अख्खा, उगमापासून मुखापर्यंत. मग पाड्यावरच्या लोकांना रोज सकाळी खेकड्याकडे जाऊन घोटभर पाणी मागावं लागायचं, आणि खेकडा प्रत्येक घोटामागे माणसाची एकेक आठवण मागून घ्यायचा. कुणी घोटापायी आजीचा चेहरा दिला, कुणी आपलं नाव. शेवटी एका पोरीकडे द्यायला काही उरलं नाही, तेव्हा ती ओहळ शोधायला निघाली. मागच्या बाकावरच्या दोघीतिघींनी कानांत बोटं घातली होती. ती पोर वाटेला लागली, एवढं सांगून ती थांबली. पुढचं दिवा लावल्यावर, म्हणाली, आणि खाली बसली. मी तेवढ्यावर समाधान मानलं. उजवा रकाना भरला, फळा सुरेख दिसत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला आणि उठला, मामा आला नाही.

बाप आला होता. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. हेडसरांसमोर बसून त्यानं टोपी काढली आणि सांगितलं, की मेव्हण्याची वाट बघितली, आता पुढच्या बाजाराला पोरीला घेऊन जातो. हेडसर म्हणाले, तिकडे जास्तीचं काम लागलं असेल, येईल. पाड्यावरही सगळे तेच म्हणत होते. जाऊन बघायला कुणी नव्हतंच, हातीपायी धड असलेली सगळी माणसं बागांमध्ये होती.

वर्गात मला कुणी काही बोललं नाही. कुणी रागानंही बघितलं नाही. मी आत शिरले की मुलं नेहमीसारखी उभी राहायची, नमस्ते बाई म्हणायची. पण शाळेमागचा ओहळ, फळ्यावरची रेघ, सगळीकडे मला तेच दिसायला लागलं. अंधश्रद्धा आहे, मी स्वतःला सांगायचे, आणि मधल्या सुट्टीत वाटेकडे बघून यायचे.

त्या आठवड्यात ‘घडलेलं’ या प्रकारचा एक निबंध मी घरी, म्हणजे वसतिगृहात, लिहायला दिला होता. विषय ज्याचा त्यानं निवडायचा. तिनं मामाची वाट लिहून आणली. वणीकडून येणारा माणूस पेठ रस्त्यावरच्या फाट्यावर एसटीतून उतरतो आणि खिंड चढून तीन तासांत शाळेपाशी पोचतो. मामाबरोबर ती वाट ती कितीदा तरी चालली होती. असं होतं ते:

‘फाट्यावर एसटीतून उतरायचं. हापशाचं पाणी प्यायचं, पुढे पाणी नाही. तारेच्या कुंपणाच्या कडेनं चालायचं. कुत्रा भुंकतो पण बांधलेला आहे. मग चढ लागतो. सावरीचं मोठं झाड येतं. सावरीपाशी दोन वाटा होतात, उजवी धरायची. खिंडीत वारा फार. तिथे मागे वळून पाहिलं तर बाईंच्या गावचा धूर दिसतो. मग उतार. चपटा दगड येतो, त्याच्यावर बसून मामा तंबाखू मळतो. ओहळ ओलांडला की शाळेची घंटा ऐकू येते.’

मी तिला विचारलं, हाच विषय का घेतलास. ती म्हणाली, कहाणीनं वाट चुकली, तर खऱ्यानं ती सापडेल. मग जरा घाबरून तिनं मला विचारलं, “खरं दिसा सांगाला चालतं ना, बाई?”

मी चालतं म्हटलं. दुसरं काय म्हणणार. त्या दिवसापासून रोज पहिल्या तासाला ती उभी राहून ते वाचायची, खिडकीकडे तोंड करून, खिंडीच्या दिशेला. मी हजेरी घेण्याचं निमित्त करून खाली बघत राहायचे. मी तासभर फळा भरून जे शिकवलं होतं ते तिनं एका वाक्यात माझ्यापुढे ठेवलं होतं: खरं लिखाण म्हणजे ज्याच्यावरून माणूस घरी पोचतो. कोणत्याही पुस्तकात मला ही व्याख्या सापडली नव्हती.

तरीही वही तपासायला घेतली तेव्हा माझ्यातली बाई जागी झालीच. हापसा, बरोबर. कुत्रा, बरोबर. सावर, बरोबर, शेजारी लाल खूण. धुराच्या वाक्यापाशी मात्र पेन थांबलं. मी समासात लिहिलं, ‘तीन एसट्या बदलून मी घरी पोचते. तिथला धूर इथून कसा दिसेल? काल्पनिक.’ आणि काल्पनिक या शब्दाखाली रेघ ओढली. वही परत दिली तेव्हा तिनं ते वाचलं. मामानं दाखवला हाय, एवढंच म्हणाली. मामा तुला खूश करायला बोलला असेल, असं मी म्हटलं, आणि तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं.

“तुमी नाय पाहिला, बाई,” ती म्हणाली.

रविवारी मी तिच्या मामाला शोधायला निघाले. दोन दिवसांनी बाजार होता. हेडसरांना सांगितलं की वणीला देवीला जाते, कारण खरं सांगितलं असतं तर ते हसले असते. मुलीला बरोबर नेता येत नव्हतं, बापाच्या परवानगीशिवाय वसतिगृहातून पोरीला बाहेर काढता येत नाही. मी तिची वही मागून घेतली. सोबतीला शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशी आल्या. त्या सुरगाण्याकडच्या, त्यांनाही ही वाट नवी होती. खिंड चढायची, फाट्यावर उतरायचं, तिथून जीपनं वणीकडे जाऊन बाग शोधायची, असा बेत होता. मावशींनी फडक्यात नागलीच्या भाकरी आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती.

वाट फाट्याकडून लिहिलेली होती आणि आम्ही शाळेकडून निघालो होतो, म्हणून मला शेवटच्या वाक्यापासून उलटं वाचावं लागत होतं. ओहळ ओलांडला. चपटा दगड आला, आणि त्याच्या फटीत चुन्याची रिकामी डबी सापडली. मावशींना त्यात काही विशेष वाटलं नाही, मला मात्र कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. लिहिलेलं एकेक वाक्य समोर उभं राहत होतं. शिकवताना मी शेकडो निबंध तपासले होते, पण एखाद्या निबंधाच्या आत शिरून चालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

खिंडीत पोचलो तेव्हा नऊ-साडेनऊ झाले असतील. वारा फार होता, जसा लिहिला होता तसा. पूर्वेकडे डोंगर एकदम संपत होते आणि खाली सगळं सपाट, निळसर, धुक्यात बुडालेलं. कुठेतरी धरणाचं पाणी चमकत होतं. मावशी कपाळावर हात आडवा धरून बघत होत्या.

“त्यो बगा,” त्या म्हणाल्या, “कुनाची तरी भट्टी पेटलीया.”

अगदी कडेला, जिथे आभाळ आणि जमीन एक होत होती तिथे, धूर उभा होता. पांढुरका, सरळ, वर जाऊन दक्षिणेकडे किंचित कललेला. वाऱ्याचा दिवस असूनही इतक्या लांबून तो हलल्यासारखा दिसत नव्हता. त्याच्या बुडाशी बारीक काड्यांसारखं काहीतरी होतं. मी त्या काड्या मोजल्या. लहानपणी गच्चीत झोपून मोजायचे तशाच मोजल्या, आणि जेवढ्या हव्यात तेवढ्या भरल्या.

मी खाली बसले. त्या धुराच्या खाली आमचं क्वार्टर होतं, आई आत्ता कपडे वाळत घालत असणार, बाबा सकाळच्या पाळीवरून धुराड्यांकडे बघत असणार. वीस वर्षं मी त्या धुराखाली राहिले आणि तो किती लांबून दिसतो हे मला ठाऊकच नव्हतं. या डोंगरातली माणसं मात्र येता-जाता तो बघत होती, आणि त्यांच्यातली एक पोर माझी ओळख झाल्यापासून त्याला बाईंचं गाव म्हणत होती. मांडीवर वही उघडी होती आणि तिच्यात माझ्याच अक्षरात, लाल शाईत, काल्पनिक असं लिहिलेलं होतं. जे मी पाहिलं नव्हतं ते सगळं मी रचलेल्याच्या रकान्यात टाकून मोकळी झाले होते. मला रडू आलं. मावशींना वाटलं चढानं दम लागला, त्यांनी पाणी पुढे केलं.

उतरायला लागलो. आता सावर यायला हवी होती. अर्धा तास गेला, सावर येईना. एका वळणावर पायवाट अचानक तुटली आणि समोर तांबड्या मुरमाचा रुंद, ओला रस्ता आडवा आला. नवीन रस्त्याचं काम सुरू होतं. डोझरनं डोंगराची सोंड खरवडून काढली होती, झाडं मुळांसकट कडेला लोटली होती. त्या ढिगाऱ्यात काटेरी सालीचं एक अजस्र खोड होतं. मावशींनी साल बघून सांगितलं, सावर.

वहीतल्या ज्या वाक्यापुढे मी बरोबर अशी खूण केली होती, ते वाक्य आता खोटं झालं होतं. दोन्ही वाटा त्या मुरमाखाली गेल्या होत्या. कुठून खाली उतरायचं कळेना, म्हणून आम्ही त्या तांबड्या रस्त्यानंच चालायला लागलो. रस्ता आहे म्हणजे कुठेतरी जाणारच, असं मावशी म्हणाल्या, आणि मलाही तसंच वाटलं. तो कुठेच जात नव्हता. पाऊण तास चालल्यावर तो एका घळीच्या तोंडाशी संपला. पुढे नुसती कापलेली दरड. घळीच्या पलीकडे गुरं राखणाऱ्यांचं एक खोपट होतं आणि त्यातून चुलीचा धूर येत होता.

वाट विचारायला घळ ओलांडून गेलो, तर खोपटात घोंगडीवर एक माणूस झोपला होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मी कोण हे सांगायच्या आधीच तो माझ्या हातातल्या वहीकडे बघून अर्धा उठला. वहीला शाळेचं खाकी कव्हर होतं.

“पोर गेली का, बाई?” त्यानं विचारलं.

नाही, मी म्हटलं, अजून शाळेतच आहे. तो परत आडवा झाला. मग म्हणाला, “वाट चुकली. बावीस वर्सं चालतो, कदी चुकली नवती.”

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारची एसटी धरून तो निघाला होता. चढाला लागला तेव्हा धुकं उतरलं. सावर आली की उजवीकडे, हे त्याच्या पायांना पाठ होतं, पण सावर आलीच नाही. रस्ता लागला, आमच्यासारखाच तोही रस्त्यानं चालत राहिला आणि रस्ता संपला तिथे खाली गेला. सकाळी गुराख्यांना सापडला. निरोप देऊ म्हणाले होते, पण तो कुठे पोचला नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी, दुपारी. आठवीतला तो कहाणीचा तास त्याच वेळेला झाला होता.

सावर डोझरनं पाडली होती, आणि कहाणी सांगितली नसती तरी ती पडलेलीच असती. धुकं हिवाळ्यात पडतंच. हे सगळं मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि आजही सांगते, आणि सांगून झाल्यावरही अंगावर काटा येतो. मी त्याला कहाणीबद्दल बोलले नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

त्याला मुरमाच्या ट्रॅक्टरनं खाली आणलं, फाट्यावरून जीपनं दवाखान्यात नेलं. बाजाराच्या दिवशी तो प्लास्टर घातलेला पाय पुढे करून हरसूलच्या बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसला होता आणि समोर मुलीचा बाप उकिडवा बसला होता. मी जरा अंतरावर, कोथिंबीर निवडल्याचं सोंग करत उभी. मग मामा म्हणाला, “पोर शिकल. सोयरिकीचं मी आल्यावर बोलू. मी नाय आलो तर थांबायचं. मी वाटंवर हाय असं समजायचं.”

बापानं मान हलवली. त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं काहीतरी होतं, याचं मला तेव्हा नवल वाटलं. बापामागे उभी असलेली मुलगी मामाजवळ आली, त्याच्या पायाला, प्लास्टरला, एक बोट लावून बघितलं, आणि मग माझ्याकडे वही मागितली.

दुसऱ्या दिवशी तिनं ती वही माझ्या टेबलावर ठेवली. सावरीच्या वाक्याखाली तिनं बारीक अक्षरात भर घातली होती: ‘सावर आता नाही. तिथे तांबडा रस्ता आहे. त्या रस्त्यानं जायचं नाही.’ मी लाल पेन काढलं आणि धुराच्या वाक्यापुढचा माझा शेरा खोडायला गेले. तिनं हात मध्ये घातला. राहू द्या बाई, म्हणाली, तुम्ही पाहिला नव्हता तोवर तो तुमच्यासाठी तसाच होता. चौदा वर्षांची पोर मला हे समजुतीनं सांगत होती, रागानं नाही. मी पेन टोपणात घातलं.

पुढे तो तास मी दरवर्षी घेतला. घडलेलं दिवसा, वर्गात. रचलेलं संध्याकाळी, वसतिगृहाच्या ओसरीवर, कंदील लावल्यावर. हेडसर विचारायचे, हे काय नवीन, मी म्हणायचे, शैक्षणिक प्रयोग आहे. ओहळ गिळणाऱ्या खेकड्याची गोष्ट मात्र तिनं पुन्हा कधी काढली नाही, आणि मी विचारली नाही.

ती दहावी झाली त्या जूनमध्ये मी एकलहऱ्याला घरी होते. भर दुपारी दार वाजलं. उघडलं तर ती, तेलानं चापून बसवलेले केस, हातात पिशवी, आणि मागे काठी टेकत मामा. नाशिकला अकरावीला प्रवेश घ्यायला आली होती, वसतिगृहही मिळालं होतं. मी पत्ता कधी दिला नव्हता. इथे कशा पोचलात, मी विचारलं. तिनं सांगितलं, की नाशिकरोडला एसटीतून उतरलो आणि धूर बघत चालत आलो. वाटेत कुणाला विचारावं लागलं नाही. कॉलनीत आल्यावर मात्र आमचं दार कोणतं ते विचारावं लागलं.

आईनं चहा केला. मामा भिंतीला टेकून, तेव्हा मोडला होता तो पाय लांब करून, बशीत ओतून चहा पीत होता. बाबा तेव्हा निवृत्तीला आले होते, त्यांना माणसं आवडायची. ते मुलीला म्हणाले, तुमच्या डोंगरातल्या कहाण्या फार छान असतात म्हणे, एखादी सांग की. मी घाईघाईनं मध्ये पडले. बाबा, आत्ता नको, म्हटलं, दिवसाची वेळ आहे.

तिनं मामाकडे बघितलं. मामा बशीत फुंकर घालत होता.

“मामा हितंच हाय, बाई,” ती म्हणाली. “आता कुटं चुकल?”

तिनं पिशवी बाजूला सारली, मांडी घालून बसली आणि आठवीच्या वर्गात जिथे थांबली होती तिथूनच सांगायला लागली. तर ती पोर वाटेला लागली होती.